१८-५५, १६-५०, १८-४५: कॅमेऱ्याच्या खोक्यात येणाऱ्या लेन्स कितपत कामाच्या?

पहिलं सांगून टाकते, भर दुपारी एफ/८ वर (एफ चा आकडा म्हणजे ॲपर्चर, उजेड आत येण्याचं भोक; आकडा मोठा तितकं भोक छोटं) काढलेल्या फोटोत या सगळ्या लेन्स इतक्या सारख्या दिसतात की नाव झाकून ठेवलं तर कुठला फोटो कुठल्या लेन्सचा हे मला तरी सांगता येणार नाही, आणि जो म्हणतो मला येतं त्याला एकदा बसवून विचारायला हरकत नाही. म्हणून "सगळ्यात शार्प कुठली" हा प्रश्न घेऊन बसलात तर हाती फारसं काही लागत नाही. फरक पडतो तो कोपऱ्यात, समोरून ऊन आलं की, संध्याकाळी दिवे लागले की, आणि सगळ्यात जास्त म्हणजे लेन्स हातात धरून रस्त्यावर उभं राहिलं की. मी तेच लिहिणार आहे.

दरवर्षी गणपतीच्या आधी आणि मग दिवाळीच्या बोनसच्या सुमारास कोणी ना कोणी विचारतंच, "ताई, नुसती बॉडी (बिनलेन्सचा कॅमेरा) घेऊ का किटसकट (खोक्यातल्या लेन्ससकट)?" आणि त्याच्या आधी त्याला कोणीतरी ठामपणे सांगितलेलं असतं की किट लेन्स म्हणजे प्लास्टिकचा डबा, घेऊच नको. हे मत बरंचसं जुन्या काळचं आहे. कॅननने २००३ मध्ये ३००डी सोबत जी पहिली १८-५५ (हे आकडे झूमच्या पल्ल्याचे, मिलिमीटरमध्ये; छोटा आकडा म्हणजे रुंद, मोठा म्हणजे लांबचं जवळ) दिली तिच्यात ना स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सांभाळणारी सोय) ना धड कोपरे, झाडाच्या फांदीला आकाशाच्या बाजूने जांभळी किनार यायची, तिथून "किट लेन्स टाकाऊ" हे जे सुरू झालं ते अजून चालूच आहे, लेन्स मात्र मधल्या काळात चार-पाच वेळा बदलली. २००७ ला आयएस (कॅननचं स्टॅबिलायझेशन) आलं, २०११ ला आयएस टू, २०१३ ला एसटीएम (शांत फोकस मोटरवाली), आणि २०१७ ला एफ/४-५.६ वाली छोटी एसटीएम. सगळ्यांवर १८-५५ च लिहिलेलं असतं त्यामुळे घेणाऱ्याला वाटतं एकच आहे.

तर ओळखीतल्यांच्या लेन्स मागून आणल्या, एक-दोन भाड्याने घेतल्या, आणि पुण्यातल्या पुण्यात फिरून सगळ्या लेन्सनी तेच तेच फोटो काढले. भिंतीसाठी शनिवारवाडा. त्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे त्यामुळे त्या भिंतीवर बहुतेक वेळा थेट ऊन नसतं, उजेड एकसारखा मिळतो, आणि खालच्या दगडांच्या आडव्या रांगा सरळ असल्यामुळे लेन्स किती वाकवते ते लगेच कळतं. रविवारी सकाळी लवकर जा, नंतर समोरच्या पटांगणात क्रिकेट सुरू होतं आणि तुमच्या प्रत्येक फोटोत फिल्डर येतो. बारीक कामासाठी विश्रामबागवाड्याचा लाकडी दर्शनी भाग, तिथल्या नक्षीत लेन्सची सगळी लबाडी उघडी पडते. लांबच्यासाठी पर्वती, वरून सिंहगडाचा टीव्ही टॉवर दिसतो, ५५ वर तो टॉवर काठीसारखा येतो का धुरासारखा ते बघायचं (हवा स्वच्छ असेल तेव्हाच, हिवाळ्यातल्या सकाळच्या धुरक्यात कुठलीच लेन्स तो दाखवणार नाही). आणि अंधारासाठी मंडई.

सोनीपासून सुरू करते कारण हल्ली कॉलेजातली पोरं सगळ्यात जास्त तीच घेऊन फिरताना दिसतात. ई पीझेड १६-५० एफ/३.५-५.६ ओएसएस (रुंद टोकाला एफ/३.५, लांबच्या टोकाला एफ/५.६; ओएसएस म्हणजे सोनीचं स्टॅबिलायझेशन), २०१२ ची लेन्स, वजन फक्त ११६ ग्रॅम, बंद असताना एवढी चपटी की ए६००० मालिकेचा कॅमेरा जॅकेटच्या खिशात जातो. इथपर्यंत झकास. पण १६ वर तिचे कोपरे एफ/८ ला सुद्धा मऊच राहतात, दिल्ली दरवाज्याच्या फोटोत मधले सुळे एकेक मोजता येतात आणि कडेचे दगड मात्र लिंपल्यासारखे. जेपीईजी मध्ये कॅमेरा स्वतःच वाकडेपणा सरळ करतो म्हणून कळत नाही, रॉ फाइल (कॅमेऱ्याने सुधारणा न केलेला कच्चा फोटो) प्रोफाइल, म्हणजे लेन्सची दुरुस्ती, न लावता उघडली की पिंपासारखा फुगवटा आणि काळे कोपरे दिसतात, आणि सरळ करताना कडेचे पिक्सेल ताणले जातात म्हणूनच तिथला मऊपणा आणखी वाढतो. माझी खरी तक्रार मात्र झूमबद्दल आहे. ते मोटरवर चालतं. कॅमेरा चालू केला की लेन्स बाहेर येणार, मग तुम्ही खटका सरकवणार, मग ती हळूहळू जाणार, तोपर्यंत समोरचे आजोबा हसायचे ते हसून झालेले असतात. कॅमेरा बंद करून चालू केला की परत पहिल्यापासून.

पण व्हिडिओ करणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. झेडव्ही-ई१० घेणाऱ्याला हे मोटरवालं झूम सोयीचं पडतं, हाताने फिरवताना जो धक्का बसतो तो बसत नाही, आणि त्या बॉडीत सेन्सर स्टॅबिलायझेशन नाहीये म्हणून लेन्समधलं ओएसएस लागतंच. शिवाय स्वतःकडे कॅमेरा धरून बोलायचं असेल तर १६ ची रुंदी हवीच. २०२४ मध्ये याची दुसरी आवृत्ती आली, वजन १०७ ग्रॅम, नव्या बॉडीचा ऑटोफोकस आणि वेग तिला झेपतो. काचेकडून फार वेगळी अपेक्षा ठेवू नका.

आता निकॉन झेड १६-५० एफ/३.५-६.३ व्हीआर (निकॉनचं स्टॅबिलायझेशन). २०१९ मध्ये झेड५० बरोबर आली. कागदावर बघितलं तर हसू येतं, एफ/६.३, प्लास्टिकचा माउंट (कॅमेऱ्याला जोडायची कडी), १३५ ग्रॅम. आणि फोटो बघितला की गप्प बसावं लागतं. विश्रामबागवाड्याच्या खांबांवरची नक्षी पूर्ण उघड्या ॲपर्चरलाच स्वच्छ, कोपऱ्यात थोडं कमी पण सोनीसारखं लिंपलेलं नाही. इथे पण सॉफ्टवेअरची मदत आहे, आणि ती तुम्हाला बंदच करता येत नाही, पण ज्या काचेतून सुरुवात होते ती मुळात चांगली आहे. झूम हाताने फिरतं, म्हणजे १६ वरून ३५ वर जायला अर्धं मनगट, बस. प्लास्टिक माउंटबद्दल लोक फार बोलतात, मला त्यात काही वाटलं नाही, एवढ्या हलक्या लेन्सला धातू कशाला पाहिजे. एफ/६.३ चं दुःख मात्र खरं आहे, त्याकडे मंडईत येते.

कॅनन आरएफ-एस १८-४५ एफ/४.५-६.३ आयएस एसटीएम, २०२२ ची, आर१०, आर५०, आर१०० या सगळ्यांबरोबर हीच मिळते. १३० ग्रॅम. वाईट नाही. चांगली म्हणायला पण जीभ जड होते. मधला भाग शार्प, १८ ला कोपरे ठीकठाक, स्टॅबिलायझेशन उत्तम, पण कॅननच्या या कॅमेऱ्यांचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) १.६ पट छोटा, म्हणजे क्रॉप १.६, असल्यामुळे १८ चं फुल फ्रेमच्या हिशोबात २९ होतं आणि ४५ चं ७२. सोनी-निकॉनच्या १६ चं होतं २४. कागदावर पाच मिलिमीटरचा फरक वाटतो, तुळशीबागेच्या गल्लीत उभं राहून बघा. मागे सरकायला जागा नाही, मागे बांगड्यांचं दुकान, पुढे पिना-क्लिपांचा ढीग, आणि दोन्ही बाजूची दुकानं एका फ्रेममध्ये घ्यायची तर २४ ला बसतात, २९ ला एक बाजू तुटते. घरगुती गणपतीच्या फोटोत पण हेच, पुण्यातल्या टू बीएचकेच्या हॉलमध्ये आरास, आरतीला उभे असलेले सगळे आणि मागचा टीव्ही, मागे सरकून सरकून पाठ फ्रीजला लागते. आरएफ-एस ची १८-४५ आणि जुनी १८-५५ दोन्ही इथे कमी पडतात, आणि या लेन्स ठेवून यावर उपाय नाही.

जुन्या डीएसएलआर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्या) वाल्या १८-५५ बद्दल जरा सविस्तर लिहिते कारण पुण्यात सेकंडहँडमध्ये त्याच सगळ्यात जास्त फिरतात, शिकायला म्हणून कॅमेरा घेणाऱ्या दहावी-बारावीच्या मुलांच्या हातात त्याच येतात आणि त्यात फसगत सगळ्यात जास्त होते. कॅननमध्ये बघायची ती एसटीएम. आयएस टू आणि एसटीएम यांच्या शार्पनेसमध्ये मला सांगण्यासारखा फरक दिसला नाही, पण आयएस टू मध्ये फोकस करताना पुढची काच गोल फिरते. म्हणजे पोलरायझर लावला, पाषाण तलावाच्या पाण्यावरची चमक घालवली, आणि फोकस केला की फिल्टर फिरला, परत सगळं पहिल्यापासून. शिवाय मोटर घुर्र करते आणि ते व्हिडिओत ऐकू येतं. एसटीएम मध्ये काच फिरत नाही, आवाज जवळपास नाही, आणि फोकस रिंग नीट बोटात येते. एकच की ती रिंग इलेक्ट्रॉनिक आहे, कॅमेरा बंद असताना फिरवली तर काहीच होत नाही, लेन्स बिघडली म्हणून घाबरू नका. दोन्हीत २५ सेंटिमीटरवर फोकस होतो, त्यामुळे फुलं-पानं, मोदकाच्या कळ्या वगैरे बऱ्यापैकी जवळून मिळतात. २०१७ च्या एफ/४ वाल्या छोटीत रुंद बाजूला थोडा उजेड कमी, बाकी तीच गत, पिशवीत जागा कमी खाते.

आणि एक प्रकार असतो ज्यावर आयएस हे अक्षरच नसतं, नुसतं १८-५५ थ्री. स्वस्तातल्या किटमध्ये ती टाकलेली असते. रिंगवर वाचा. आयएस लिहिलेलं नसेल तर किंमत त्या हिशोबाने पाडून मागा, किंवा सोडूनच द्या. तसंच ३०००डी च्या बॉडीचा माउंट प्लास्टिकचा आहे, किट लेन्सला चालून जातं, पुढे जड टेली लावायचा विचार असेल तर मी ती बॉडीच घेणार नाही.

निकॉनमध्ये गोंधळ आणखी मोठा. २००५ पासूनच्या १८-५५ मध्ये साधी, टू, व्हीआर, मग २०१४ ची मिटणारी व्हीआर टू, आणि २०१६ ची एएफ-पी, ती पण व्हीआर वाली आणि बिनव्हीआरची अशी दोन प्रकारची. एएफ-पी ही या सगळ्यांत उत्तम, फोकस झटकन आणि गुपचूप, उघड्या ॲपर्चरला पण स्वच्छ, कॅननच्या एसटीएमच्या अगदी खांद्याला खांदा लावून, मला तर ५५ ला ती किंचित वरचढ वाटली, सिंहगडाचा टॉवर तिनेच सगळ्यात नीट काढला. पण डी९०, डी७०००, डी३१००, डी५१०० असल्या जुन्या बॉडींवर एएफ-पी चा फोकसच चालत नाही. चालतच नाही म्हणजे हाताने पण नाही, कारण रिंग इलेक्ट्रॉनिक. आता हे विकणारा सांगेलच असं नाही, बऱ्याचदा त्याला माहीतही नसतं. जुनी निकॉन बॉडी घेत असाल तर एएफ-एस व्हीआर शोधा आणि लेन्स त्याच बॉडीवर लावून फोकस करून बघितल्याशिवाय पैसे काढू नका. आणि मिटणाऱ्या लेन्सची नळी न उघडता कॅमेरा चालू केला की स्क्रीनवर तक्रार येते, बाजूचं बटण दाबून रिंग फिरवायची असते.

फुजी. इथे मी तटस्थ राहण्याचा प्रयत्न सोडून देते. एक्सएफ १८-५५ एफ/२.८-४, २०१२ मध्ये एक्स-ई१ सोबत आली, आणि हिला किट लेन्स म्हणणं म्हणजे पुरणपोळीला पोळीच्या भावात बसवण्यासारखं आहे. धातूचं अंग, बोटाखाली ॲपर्चर रिंग, ५५ ला सुद्धा एफ/४, हूड (लेन्सच्या तोंडावरची ऊन अडवणारी कडी) खोक्यातच. वजन ३१० ग्रॅम म्हणजे वरच्या मिररलेसवाल्यांच्या (बिनआरशाच्या सोनी, निकॉन झेड, आरएफ-एस लेन्सच्या) दुपटीहून जास्त, आणि किंमत पण तशीच. २०२४ मध्ये फुजीने हिच्या जागी १६-५० एफ/२.८-४.८ आणली, २४० ग्रॅमची, पाण्या-धुळीपासून जपलेली, झूम करताना लांब होत नाही, पण तिच्यात ओआयएस (फुजीचं स्टॅबिलायझेशन) नाही, तेव्हा बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तरच तिच्या वाटेला जा, नाहीतर जुनी १८-५५ बघा. फुजीचीच एक्ससी १५-४५ म्हणून स्वस्त, मोटरच्या झूमची लेन्स आहे, ती मात्र सोनीच्याच जातकुळीतली. १५ ची रुंदी मिळते, बाकी मला ती कधी आवडली नाही.

उन्हाचं थोडक्यात. पर्वतीवर मावळतीकडे कॅमेरा केला की सगळ्यांच्या फोटोत पांढरट पडदा आला, फुजी आणि निकॉन झेड मध्ये कमी, सोनीत जास्त, जुन्या १८-५५ मध्ये तर हिरवे गोळेच. कॅनन या लेन्ससोबत हूड देत नाही, वेगळा घ्यावा लागतो, तो घ्या, आणि दुकानदार "साहेब, प्रोटेक्शनला यूव्ही फिल्टर" म्हणून जो दोनशेचा काचेचा तुकडा चिकटवतो तो समोरून ऊन असताना तरी काढून ठेवा. निम्मा फ्लेअर (तो पांढरट पडदा) त्यानेच येतो. (मी बाई असूनही मला "साहेब" म्हणतात, ते असो.)

आता मंडई. महात्मा फुले मंडईच्या आत संध्याकाळी बाहेरचा उजेड गेलेला असतो आणि गाळ्यांवर एकेक दिवा. इथे किट लेन्सची खरी परीक्षा होते आणि इथे त्या एकमेकींपासून फारच वेगळ्या होतात. ५० च्या आसपास झूम करून भाजीवाल्या मावशींचा चेहरा घ्यायचा म्हटलं तर फुजी एफ/४ देते, कॅनन-निकॉनच्या जुन्या आणि सोनी एफ/५.६, नवीन निकॉन झेड आणि आरएफ-एस एफ/६.३. एफ/४ आणि एफ/६.३ मध्ये उजेडाचा फरक साधारण अडीचपट. म्हणजे फुजीवाला आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची ताकद, वाढवली की फोटो खरखरीत होतो) १६०० वर निवांत बसलेला असतो तेव्हा झेडवाला ४००० ला. आजच्या सेन्सरला ४००० झेपतं, आभाळ कोसळत नाही, पण चेहऱ्यावरचा तपशील थोडा पुसटतो. मावशी हलत नसतील तर स्टॅबिलायझेशनच्या जोरावर १/१५ सेकंदाला पण फोटो मिळतो, टोमॅटोचे ढीग तर त्याहूनही कमी वेगावर.

पण ढोल-ताशा पथकाला हे लागू होत नाही, आणि हे न कळल्यामुळे दरवर्षी लक्ष्मी रोडवर लोक कॅमेऱ्याला शिव्या देतात. स्टॅबिलायझेशन तुमचा हात थांबवतं, टिपरू थांबवत नाही. वादकाचा हात गोठवायला १/५०० तरी लागतं, आणि अंधार पडल्यावर एफ/५.६ ला ते कुठल्याच किट लेन्सच्या आवाक्यात नाही. इथे ५० एफ/१.८ घ्या. एफ/१.८ आणि एफ/५.६ मध्ये जवळजवळ दहापट उजेडाचा फरक आहे, म्हणजे ५० ला आयएसओ ८०० वर जे मिळतं त्यासाठी किटला ८००० च्या घरात जावं लागतं. कॅननची २०१५ ची ५० एसटीएम सगळ्यात स्वस्तातली आणि सेकंडहँड मुबलक. मात्र क्रॉप बॉडीवर ती ८० सारखी वागते, त्यामुळे पथकाच्या मधोमध उभं राहून काही उपयोग नाही, समोरच्या ओट्यावर जागा पकडा. पथकाचं दुपारचं वादन मात्र किटवर मजेत होतं. आणि अजून एक, किट लेन्सच्या नळ्या आतबाहेर होतात त्यामुळे गुलाल, भंडारा, रस्त्यावरची धूळ आत ओढली जाते, जेजुरीला तर ओढली जातेच जाते. प्लास्टिकची पिशवी, रबरबँड आणि झूम कमीत कमी फिरवणं, एवढाच उपाय.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी. मोबाईलचा टॉर्च मागच्या बाजूने लेन्समध्ये मारा, पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी, पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सना हमखास धरते, किट लेन्सची सफाई करून घ्यायला जो खर्च येतो त्यात दुसरी किट लेन्स येते, म्हणून सरळ नाही म्हणा. एक-दोन धुळीचे कण असले तर त्याने काही होत नाही. मग सपाट भिंतीसमोर कॅमेरा अगदी सरळ धरून एफ/५.६ ला फोटो काढा आणि डावी-उजवी कड मोठी करून बघा. एक बाजू शार्प आणि दुसरी मऊ असेल तर आतली काच सरकलेली आहे, पडलेली असण्याची शक्यता जास्त. मी बघितलेल्यात एक अशी होती, दिसायला कोरी करकरीत, आणि विकणारा शपथेवर सांगत होता की घरातच होती. असेल, घरातच पडली असेल.

नवीन घेत असाल तर "व्हाइट बॉक्स" प्रकार समजून घ्या. किट फोडून बॉडी वेगळी विकली की उरलेली लेन्स पांढऱ्या खोक्यात स्वस्त मिळते. लेन्स अस्सलच असते, प्रश्न वॉरंटीचा. बिलावर लेन्सचा सीरियल नंबर लिहून देतात का ते विचारा, आढेवेढे घेतले तर दुसरं दुकान.

माझ्या लेखी क्रम असा लागतो: फुजी १८-५५ एका बाजूला, ती वेगळ्या पंक्तीत बसते. मग निकॉन झेड १६-५०, ही किटमध्ये मिळत असेल तर नुसती बॉडी घेण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही, वेगळी घ्यायला गेलात तर जास्त मोजाल. तिच्या मागोमाग निकॉन एएफ-पी व्हीआर आणि कॅनन एसटीएम, कमी बजेट असेल तर या दोनच. आरएफ-एस १८-४५ किटमध्ये येतेय म्हणून घ्या, मुद्दाम शोधत जाऊ नका. सोनीची १६-५० व्हिडिओ आणि खिशासाठी घ्या, फोटोच काढायचे असतील तर ए६००० मालिकेची नुसती बॉडी घेऊन वर एखादी सेकंडहँड प्राइम (झूम नसलेली लेन्स) लावलेली बरी. आणि फिल्टर घेताना मागचा जुना वापरू असं गृहीत धरू नका, कॅनन १८-५५ ची एसटीएम आणि फुजी १८-५५ ला ५८ मिलिमीटरचा बसतो, निकॉन एएफ-पी ला ५५, झेडला ४६, आरएफ-एस ला ४९ आणि सोनीच्या पहिल्या १६-५० ला ४०.५, तो शेवटचा दुकानात पटकन मिळत नाही, आधी फोन करून जा.